नव्या तारा उतरतात, पण सगळ्या एकाच कारणाने नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोप्रानो युकुलेली, म्हणजे जी, सी, ई आणि ए अशा चार तारांचं गिटारसारखं छोटं वाद्य. जुन्या फ्लुरोकार्बनच्या तारा काढून नायलॉनच्या नव्या बसवल्या, त्याला पाच दिवस झाले. पहिल्या दिवशी दर दोन मिनिटांनी सूर लावावा लागत होता. आता जी आणि ए बऱ्यापैकी टिकतात. सी मात्र रोज सकाळी जवळजवळ अर्धा स्वर उतरलेली सापडते. ई लावताना आधी खुंटी फिरवूनही काहीच होत नाही, मग ‘टक्’ असा आवाज येतो आणि सूर एकदम वर उडी मारतो. ‘तारा हाताने ताणून घे’ असा सल्ला मिळाला, ताणल्या, सीला काही फरक पडला नाही. दोन आठवड्यांनी लोकांसमोर वाजवायचं आहे. तारा खराब निघाल्या का, की खुंट्या बदलायच्या?

तुम्ही हे सगळं एकच दुखणं धरून लिहिलं आहे, त्यामुळे उपायही एकच शोधताय. मला यात तीन वेगळ्या गोष्टी दिसतात. जी आणि एचं जे चाललंय ते अगदी निरोगी लक्षण आहे. सीचं नाही. आणि ईचा तर तारेशी फारसा संबंधच नाही. मी युकुलेली शिकवते आणि विद्यार्थ्यांची वाद्यं दुरुस्तही करते, त्यामुळे ‘नव्या तारा आहेत, बसतील हळूहळू’ हे वाक्य मी स्वतःही भरपूर वापरते. ते बहुतेक वेळा खरं असतं, म्हणूनच ते फसवं आहे. तारा बसायची वाट बघत माणसं महिनाभर सैल गाठ घेऊन वाजवत राहतात.

एक गोष्ट आधीच सांगते. तुमच्या खुंट्या गिअरच्या आहेत की घर्षणावर चालणाऱ्या, आणि ब्रिजला (वाद्याच्या पोटावर चिकटवलेली पट्टी, जिथे तारेचं एक टोक अडकतं) तार बांधायची आहे की खाचेत अडकवायची, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यामुळे काही ठिकाणी ‘असं असेल तर असं’ म्हणावं लागेल. पण कारण ओळखायची पद्धत सगळ्या वाद्यांना सारखीच आहे: तार किती उतरते यापेक्षा कशी उतरते ते बघायचं.

तार लांबत असेल तर उतरण्याचा वेग रोज कमी होतो. तार कुठून तरी सुटत असेल तर वेग कमी होत नाही, कधी वाढतोही. नट, म्हणजे गळ्याच्या टोकाची खाचांची पट्टी, तिच्या खाचेत अडकत असेल तर सूर हळूहळू सरकत नाही, उड्या मारतो. आणि चारही तारा एकाच दिशेला, साधारण सारख्याच हलल्या असतील तर कारण तारांच्या बाहेर आहे. बाकी सगळं या चार ओळींचाच विस्तार आहे.

पहिल्यापासून सुरुवात करू. नायलॉन हे लांबच लांब रेणूंचं द्रव्य. त्यावर सतत ताण ठेवला की ते रेणू एकमेकांवरून थोडे थोडे सरकत राहतात आणि तार सावकाश लांबते. कपडे वाळत घालायची नायलॉनची नवी दोरी पहिल्या काही दिवसांत दोनतीनदा घट्ट करावी लागते आणि मग तिचं झोळ पडणं थांबतं, तोच प्रकार. या लांबण्याचं वैशिष्ट्य असं की ते सुरुवातीला भराभर होतं आणि मग मंदावत जातं. पहिल्या तासात जेवढं नुकसान होतं, तेवढंच पुन्हा व्हायला पुढचे कितीतरी तास लागतात, आणि त्यानंतर तेवढंच व्हायला कितीतरी दिवस. पूर्ण थांबत ते कधीच नाही. आठवड्याभरानंतर ते इतकं मंद होतं की वाजवायच्या आधी एकदा सूर तपासला की भागतं.

हे लांबणं डोळ्यांना दिसत नाही, पण कानाला लगेच कळतं. तारेचा स्वर ताणाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. म्हणजे ताण एक टक्का कमी झाला की स्वर अर्धा टक्का उतरतो, ट्यूनरच्या, म्हणजे सूर दाखवणाऱ्या यंत्राच्या, भाषेत साधारण ८ ते ९ सेंट. अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट. एवढं उतरायला ताण ११ टक्क्यांच्या आसपास कमी व्हावा लागतो. पाचव्या दिवशी, एका रात्रीत, बसत आलेल्या तारेच्या मानाने हा आकडा फार मोठा आहे. तुमच्या सी तारेबद्दल मला शंका आली ती इथेच.

द्रव्यानुसार हा काळ बदलतो. साध्या नायलॉनला सर्वांत जास्त वेळ लागतो, आठवडा धरून चाला, कधी त्याहून जास्त. फ्लुरोकार्बन लवकर बसतं. नायलगट नावाचं द्रव्य मिळतं, ते आतड्याच्या जुन्या तारांसारखी घनता मिळावी म्हणून बनवलेलं आहे. तेही सुरुवातीचे काही दिवस चांगलंच लांबतं. तुम्ही फ्लुरोकार्बनवरून नायलॉनवर आलात, म्हणजे मागच्या वेळचा अनुभव इथे लागू करू नका. ‘मागच्या तारा दोन दिवसांत बसल्या होत्या’ ही तुलना बरोबर नाही.

आता ताणण्याबद्दल. सल्ला चुकीचा नाही, पण तो कसा पाळला यावर सगळं आहे. बरेच जण बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गळ्यावरच्या आडव्या पट्ट्या) बोट अडकवून तारेला दोनचार हिसके देतात. हिसक्याने तार एकाच ठिकाणी जास्त ताणली जाते आणि तिथे किंचित बारीक होते. मग तिची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही, आणि अशी तार मोकळी सुरात लागली तरी वरच्या फ्रेटवर बेसूर बोलते. त्यावर इलाज नाही, तार बदलावी लागते. शिवाय सगळा जोर ब्रिजवर येतो, आणि ब्रिज लाकडाला गोंदानेच चिकटवलेला असतो.

मी असं करते. तार आधी सुरात लावायची. डाव्या हाताचा अंगठा ब्रिजजवळ तारेवर हलकेच दाबून ठेवायचा, म्हणजे जोर ब्रिजवर जात नाही. उजव्या हाताच्या बोटाने तार फ्रेटबोर्डपासून साधारण एक सेंटिमीटर वर उचलायची, दोनतीन सेकंद धरायची, सोडायची. मग बोट चार बोटं पुढे. असं तारेच्या पूर्ण लांबीभर. नंतर पुन्हा सूर लावायचा. पहिल्या फेरीला तार खूप उतरेल, दुसरीला कमी, तिसरीला आणखी कमी. चौथ्यापाचव्या फेरीनंतर फारसा फरक पडेनासा होतो, तिथे थांबायचं आणि उरलेलं काम दुसऱ्या दिवशी करायचं. एका बसणीत तार पूर्ण बसवायचा हट्ट धरू नये.

याच वेळी आणखी एक छोटी गोष्ट करा, ती फार कोणी सांगत नाही. नट आणि सॅडल (ब्रिजवरची उभी पट्टी, जिच्यावर तार टेकते) या दोन ठिकाणी तार वाकते. नवी नायलॉनची तार ताठ असते, त्यामुळे तिथे ती कोनात न वाकता थोडी कमानीसारखी राहते आणि पुढचे काही दिवस ती कमान हळूहळू खाली बसत राहते. तेवढाही ताण कमी होतो. नटच्या पलीकडे आणि सॅडलच्या अलीकडे तार बोटाने हलकेच खाली दाबली की वाक लवकर बसतो. जाड तारेला याचा उपयोग जास्त, म्हणजे तुमच्या सीला.

सीच त्रास का देते, याच्यामागे एक गमतीशीर कारण आहे. सगळ्यांना वाटतं की जाड तार म्हणजे दणकट, आणि बारीक ए बिचारी सगळं सोसते. ए खरंच जास्त सोसते. चारही तारा एकाच द्रव्याच्या आणि एकाच लांबीच्या असतील, तर तारेच्या द्रव्यावर किती ताण येतो हे तिच्या जाडीवर ठरतच नाही, तिच्या स्वरावर ठरतं, आणि तेही स्वराच्या वर्गाच्या प्रमाणात. ए ४४० हर्ट्झवर, सी साधारण २६२ हर्ट्झवर. म्हणजे एच्या द्रव्यावर सीच्या २.८ पट ताण आहे. त्यामुळे पहिल्या दोन दिवसांत ए भरपूर लांबली असणार, तुम्ही ती सतत चढवत राहिलात आणि आता ती शांत झाली. हे अगदी असंच व्हायला हवं.

सीच्या द्रव्यावर ताण कमी, म्हणून सुरात येईपर्यंत ती मुळात लांबतेच कमी. सोप्रानोवर तर अवघी काही मिलिमीटर. आणि इथेच गोम आहे. जी तार दहाबारा मिलिमीटर ताणली गेली आहे, तिच्यातून अर्धा मिलिमीटर सुटला तर तिला त्या मानाने कमी फरक पडतो. जी तीनचार मिलिमीटरच ताणलेली आहे, तिच्यातून तेवढाच सुटला तर अर्धा स्वर सहज जातो, कधी त्याहून जास्त. त्यामुळे गाठ किंचित आवळली, खुंटीवरचा वेढा किंचित सरकला, की पहिली तक्रार सी करते. सोप्रानोवर हे जास्त जाणवतं, कारण टेनर या मोठ्या युकुलेलीची तार लांब असते आणि तोच स्वर मिळवायला तिच्या द्रव्यावर जास्त ताण द्यावा लागतो. सोप्रानोची तार सुमारे ३४ सेंटिमीटर, टेनरची सुमारे ४३. या फरकाने द्रव्यावरचा ताण दीडपटीहून जास्त होतो. टेनरवाले मित्र ‘आम्हाला असा त्रास नाही होत’ म्हणाले तर खुशाल ऐकून सोडून द्या.

तर मग सी नक्की सुटते आहे का, आणि कुठून? अंदाज करत बसण्यापेक्षा हे तपासा. रात्री सी बरोबर सुरात लावा. बारीक टोकाचं पेन घेऊन तारेवर दोन खुणा करा: एक ब्रिजच्या गाठीतून तार जिथे बाहेर पडते अगदी तिथे, दुसरी खुंटीच्या दांड्यावर तार जिथे पहिल्यांदा टेकते तिथे. मग वाद्याच्या डोक्याचा समोरून आणि मागून फोटो काढून ठेवा, खुंट्यांच्या पाकळ्या (फिरवायच्या पकडी) कोणत्या दिशेला आहेत ते नीट दिसेल असा. सकाळी तारेला हात लावायच्या आधी बघा.

ब्रिजजवळची खूण गाठीपासून पुढे आली असेल तर गाठ सुटते आहे. खुंटीजवळची खूण दांड्यापासून दूर गेली असेल आणि फोटोतली पाकळी होती तशीच असेल तर वेढे सरकताहेत. ती खूण दूर गेली आणि पाकळीही फिरलेली दिसली, तर खुंटी मागे येते आहे. आणि काहीच हललं नसेल तर तार खरंच लांबते आहे, तिला आणखी काही दिवस द्या. बहुतेक वेळा पहिली शक्यता खरी ठरते, त्यामुळे तिथे जरा थांबू.

तार बांधायचा ब्रिज असेल तर तार भोकातून मागे जाते, ब्रिजच्या वरून पुढे येते, स्वतःच्या खालून जाते आणि मग तिचं टोक त्याच फासाखाली खोचलं जातं. महत्त्वाचं इतकंच की शेवटची खोच ब्रिजच्या वरच्या सपाटीवर असून चालत नाही. ती मागच्या उभ्या बाजूला, कडेच्या खाली यायला हवी. तिथे तार स्वतःच्याच टोकाला लाकडावर दाबून धरते. खोच वर राहिली की टोक दाबलं जात नाही आणि तार रोज थोडी थोडी पुढे येते. तुमची सी असंच करते आहे असा माझा कयास आहे: जाड नवं नायलॉन ताठ असतं, गाठ बांधताना ती मागे वळायला तयार नसते, आणि घाईत खोच वरच राहते. बारीक तारांना याउलट एक खोच पुरत नाही, दोन किंवा तीन वेळा फासात फिरवून घ्यायच्या. गुळगुळीत फ्लुरोकार्बनला तर हमखास.

खाचेत अडकवायचा ब्रिज असेल तर तारेच्या टोकाला गाठ मारून ती खाचेखाली बसवतात. साधी एकेरी गाठ बारीक तारेत ओढली जाऊन लहान होते आणि खाचेतून निसटू शकते. इंग्रजी आठच्या आकाराची गाठ मारा, ती जाड बसते. वाद्यावर लावायच्या आधी हाताने चांगली आवळून घ्या, म्हणजे जे आवळायचं ते आधीच होऊन जाईल.

कोणताही ब्रिज असो, तार बसेपर्यंत टोकं काटोकाट कापू नका. दोनतीन सेंटिमीटर शेपूट राहू द्या. सैल गाठ पुन्हा बांधायला तेवढी लांबी लागते, आणि शेपूट आखूड होत गेली तर गाठ सुटते आहे हे खुणेशिवायही समजतं. ती वाद्याच्या पोटावर कंप पावून खरखरत नाही ना, एवढं बघा.

खुंटीच्या दांड्यावर दोन ते चार वेढे पुरतात. पहिलाच वेढा तारेच्या टोकावरून घ्यायचा, म्हणजे टोक त्याखाली चेपलं जातं, आणि पुढचे वेढे एकावर एक न चढवता खाली खाली उतरत न्यायचे. एकच वेढा असेल तर तार घसरू शकते. आठदहा वेढे असतील तर ते एकमेकांत बसेपर्यंत दिवस जातात आणि प्रत्येक वेढ्यातून थोडी तार सुटत राहते. सढळ हाताने वेढे दिले की तार पक्की बसते हा समज सगळीकडे आहे, आणि तो उलटा आहे.

आता खुंट्या. तुम्ही विचारलंत बदलू का, तर बघा. खुंट्यांच्या पाकळ्या गिटारसारख्या बाजूला निघत असतील तर त्या गिअरच्या. त्यात एक आडवा मळसूत्री दांडा चाकाला फिरवतो. चाक त्या दांड्याला उलटं फिरवू शकत नाही, त्यामुळे तारेच्या ओढीने अशी खुंटी आपोआप मागे येत नाही. फार तर चाकाचा लहान स्क्रू ढिला होऊन तिच्यात खुळखुळाट येतो, तो हलक्या हाताने आवळला की झालं. सूर उतरतो म्हणून गिअरच्या खुंट्या बदलणाऱ्यांचे पैसे बहुधा वाया जातात.

पाकळ्या सरळ मागच्या बाजूला निघत असतील आणि प्रत्येकीच्या टोकाला स्क्रू असेल तर त्या बहुधा घर्षणाच्या खुंट्या. त्या निव्वळ घट्टपणावर टिकतात आणि म्हणून मागे येऊ शकतात. स्क्रू पाव फेरा आवळून बघा. खुंटी फिरवायला थोडा जोर लागावा आणि सोडल्यावर ती तिथेच राहावी, एवढाच घट्टपणा हवा. जास्त आवळली तर ती अडखळत फिरते आणि बारीक सूर लावणं अशक्य होतं. या खुंट्यांमध्ये पाकळीचा एक फेरा म्हणजे दांड्याचाही एक फेरा. गिअरच्या खुंटीत दांड्याच्या एका फेऱ्यासाठी पाकळी अनेकदा, बऱ्याच खुंट्यांमध्ये चौदा वेळा, फिरवावी लागते. हात सवयीचा होईपर्यंत सूर पुढे-मागे होत राहतो, त्याचा दोष तारांना देऊ नका. दिसायला सरळ पण आत गिअर असलेल्याही खुंट्या मिळतात. पाकळी बरीच फिरवूनही दांडा थोडाच फिरला तर त्या तशा आहेत.

ईकडे येऊ. ‘टक्’ आवाज आणि उडी हे नटमध्ये तार अडकल्याचं लक्षण आहे. तुम्ही खुंटी फिरवता तेव्हा नट आणि खुंटी यांच्यामधल्या तुकड्यात ताण वाढतो, पण खाच तारेला घट्ट धरून बसल्यामुळे तो वाजणाऱ्या भागापर्यंत पोचत नाही. पुरेसा साठला की तार एकदम सरकते. तुमच्याकडे हे आत्ताच का सुरू झालं याचं कारणही सरळ आहे. फ्लुरोकार्बन नायलॉनपेक्षा बरंच घन आहे. एका घनसेंटिमीटरला त्याचं वजन साधारण १.७८ ग्रॅम, नायलॉनचं १.१४. तोच स्वर, तीच लांबी आणि तोच ताण मिळवायचा तर नायलॉनची तार जवळपास सव्वापट जाड घ्यावी लागते. खाचा बारीक फ्लुरोकार्बनला घासलेल्या असतील तर जाड नायलॉन त्यात चेपून बसणारच.

अडकलेली तार दोन्ही दिशांना फसवते. खालून वर लावत आणलेली तार वाजवता वाजवता चढू शकते, कारण पलीकडे साठलेला ताण हळूच अलीकडे येतो. वरून खाली आणलेली उतरते. नवी तार आपोआप चढताना दिसली तर लांबण्याचा विषय तिथेच संपला, सरळ नटकडे बघायचं.

उपाय आधी सोपा करा. तार सैल करून खाचेतून बाजूला घ्या आणि मऊ पेन्सिलचं टोक खाचेत चार वेळा फिरवा. पेन्सिलमधलं ग्रॅफाइट सुकं वंगण आहे. तेल किंवा मेण नको, त्याला धूळ चिकटते. एवढ्याने बऱ्याचदा भागतं. भागलं नाही तर खाच रुंद करावी लागेल, आणि इथे मी घरी प्रयोग करू नका असंच सांगेन. खाच चुकून खोल गेली तर तार पहिल्या फ्रेटवर खरखरते आणि नट बदलण्यावाचून गत्यंतर नसतं. ज्याच्याकडे नटच्या खास कानशी आहेत अशा माणसाला हे अगदी थोडक्या वेळाचं काम आहे. वाद्य नेताना याच तारा लावून न्या, म्हणजे तो खाच याच जाडीला घासेल.

नट तपासताना आणखी एक बघून घ्या. जाड तार खाचेत पूर्ण खाली बसली नाही तर ती उंच राहते, आणि पहिल्यादुसऱ्या फ्रेटवर दाबली की जास्त ताणली जाऊन चढी बोलते. मोकळी तार ट्यूनरवर अगदी बरोबर आणि कॉर्ड मात्र बेसूर, अशी तक्रार असेल तर कारण बहुधा हेच. त्यात तारा टिकण्याचा प्रश्न नाही. अर्थात बोटं गरजेपेक्षा जोरात दाबली तरी हेच होतं.

सूर लावायची सवयही यात येते. नेहमी खालून वर या. स्वराच्या वर गेलात तर सरळ खाली आणून थांबू नका, स्वराच्या खाली उतरा आणि पुन्हा वर या. गिअरमधली मोकळी जागा आणि नटचं घर्षण दोन्ही त्यामुळे एकाच बाजूला राहतात. चारही तारा लावून झाल्या की पुन्हा पहिलीपासून एकदा फिरा. ट्यूनर बाजूला ठेवून कानाने पडताळायचं तर सी चौथ्या फ्रेटवर दाबली की मोकळ्या ईचा स्वर मिळतो, ई तिसऱ्यावर जीचा आणि पाचव्यावर एचा. हे नेहमीच्या, म्हणजे वरच्या जीच्या तारांसाठी. खालची जी लावली असेल तर तो स्वर एक सप्तक खाली येईल.

चारही तारा एकदम हलल्या, तर आधी ट्यूनर बघा. बटण चुकून दाबलं जाऊन एचा आधार स्वर ४४० हर्ट्झऐवजी ४३८ किंवा ४४२ झालेलं असतं, आणि माणूस तासभर तारांशी झगडत बसतो. ते ठीक असेल तर हवा. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. नायलॉन स्वतः पाणी शोषतं, फ्लुरोकार्बन जवळजवळ नाही. थंड खोलीतून गरम दिव्यांखाली आलात तर तारा हलणारच, आणि वाजवताना हातांच्या उबेनेही थोड्या हलतात. म्हणून वाद्य पेटीतून काढल्या काढल्या लावलेला सूर कच्चा समजायचा. पाच मिनिटं वाजवा, मग नीट लावा. वाजवून झाल्यावर तारा सैल करून ठेवायची सवय मात्र सोडून द्या. ताण गेला की तार काही प्रमाणात मागे आखडते आणि दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा तेवढंच लांबावं लागतं. युकुलेलीच्या तारांची एकूण ओढ स्टीलच्या तारांच्या गिटारपेक्षा खूपच कमी असते, धडधाकट वाद्याला ती कायम सोसते.

तर तुमच्या वाद्यापुरतं सांगायचं झालं तर जी आणि एला काही करू नका. ईच्या खाचेत पेन्सिल. सीवर खुणा, आणि बहुतेक गाठ पुन्हा बांधणं. तारा खराब निघाल्या असं मला आत्ता तरी वाटत नाही. तार खरंच सदोष आहे का हे बघायचं तर बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक वाजवा आणि मग तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. दोन स्वर जवळपास सारखे यायला हवेत. एकाच तारेचे दोन स्वर खूप वेगळे आले आणि बाकीच्या तीन ठीक असल्या, तर त्या तारेची जाडी सारखी नाही. ती एकच बदला.

कार्यक्रमाला दोन आठवडे आहेत, वेळ पुरेसा आहे, पण गाठ आजच बांधा. पुन्हा बांधलेली सी परत थोडी लांबेल आणि तिला बसायला तीनचार दिवस लागतील, फार काळ सैल ठेवली नाही तर नव्या तारेइतके नाही लागणार. घाई असेल तर पहिल्या दोन रात्री ती सीपेक्षा पाव स्वर, म्हणजे ५० सेंट, चढवून ठेवा आणि सकाळी सुरात आणा. एच्या बाबतीत हे करू नका, ती आधीच जास्त ताणावर असते. नटचं काम करायचं ठरलं तर ते पहिल्या आठवड्यातच उरका. शेवटच्या पाच दिवसांत वाद्यात काहीही बदलायचं नाही, तार तर नाहीच नाही. आणि त्या दिवशी वाजवायच्या जागी थोडं लवकर पोचून वाद्य पेटीबाहेर काढून ठेवा, पंख्याच्या किंवा एसीच्या झोताखाली मात्र नको.

पेनच्या खुणा हलल्या नाहीत, पाकळी फिरली नाही, आणि तरीही सी रोज तेवढीच उतरत राहिली, तर ब्रिजच्या मागच्या कडेखाली पातळ कागद सरकवून बघा. कागद आत गेला तर ब्रिज उचलला जातो आहे. मग तारा लगेच सैल करा आणि वाद्य दुरुस्तीला द्या.